निर्वानाचं ‘अनप्लग्ड’ : वायर काढली, मग उरलं काय?

मंडळी, रॉक म्हटलं की आपल्याकडे वरातीतला डीजे डोळ्यांपुढे येतो. म्हणजे छातीवर आदळणारा आवाज. म्हणून एखाद्या रॉक बँडने साध्या, लाकडी गिटारवर रेकॉर्ड काढली की दोनच प्रतिक्रिया येतात: ‘आता यांचा दम संपला’, नाहीतर ‘आता खरं संगीत सुरू झालं’. आम्हाला दोन्ही पटत नाहीत. का, ते ‘निर्वाना’ या अमेरिकन बँडच्या ‘एमटीव्ही अनप्लग्ड इन न्यूयॉर्क’ या रेकॉर्डच्या आधारे सांगतो.

कार्यक्रम झाला 18 नोव्हेंबर 1993 ला. गायक कर्ट कोबेन एप्रिल 1994 मध्ये गेला आणि रेकॉर्ड बाजारात आली ती त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात. मंचावर लिलीची फुलं, मेणबत्त्या. त्यामुळे लोक ही रेकॉर्ड मर्तिकाला बसल्यासारखी ऐकतात. हा आम्ही तिच्यावरचा अन्याय मानतो. गाताना तो माणूस जिवंत होता, मध्ये मध्ये थट्टा करत होता, आणि काय गायचं हे त्याने पुरतं ठरवलेलं होतं.

आधी ‘अनप्लग्ड’ या शब्दाचंच बघू. वायर खरंच काढली होती का? नाही. कोबेनची मार्टिन गिटार अॅम्प्लिफायरला जोडलेली होती. डेव्हिड बोवीच्या गाण्यात तिचा फाटका, खरखरीत सूर स्पष्ट ऐकू येतो. तेव्हा शुद्धतेच्या गप्पा इथे चालत नाहीत. बदललं ते हाताचं वजन. डेव्ह ग्रोल हा ड्रम अक्षरशः बडवणारा गडी. इथे तो ब्रश आणि हलक्या काड्यांनी वाजवतो. खंजिरीवर जोरात थाप मारणारे पुष्कळ असतात हो. भजन चढत असताना थाप आवरणारा विरळा. एका गाण्यात तर बेसवाला नोव्होसेलिक चक्क अकॉर्डियन घेतो. आपल्या पेटीचीच ती भावकी, आत पत्तीच थरथरते.

पण खरी गोष्ट पुढे आहे. चौदा गाण्यांपैकी सहा दुसऱ्यांची! ज्या गाण्याने बँड जगभर पोचला ते ‘स्मेल्स लाइक टीन स्पिरिट’ गायलंच नाही. चॅनेलला मोठे पाहुणे हवे होते. याने बोलावले ‘मीट पपेट्स’चे किर्कवुड बंधू, आणि त्यांचीच तीन गाणी त्यांच्यासोबत गायली. गाणं कुणाचं तेही मंचावरून सांगितलं. तुकडोजी महाराजांचं भजन कुणीही गायलं तरी नाममुद्रा महाराजांचीच राहते, आणि त्याने गाणाऱ्याला कमीपणा येत नाही. उलट त्याचा गळा तिथेच पारखला जातो. कोबेनचा गळा याच सहा गाण्यांत सर्वांत जास्त उघडा पडतो.

सगळंच उत्तम आहे असं मात्र नाही. ‘कम अॅज यू आर’ मूळ रूपातच जास्त ओलं, जास्त धोकादायक वाटतं. ‘ऑन अ प्लेन’ला या बैठकीने काहीच दिलेलं नाही. उलट ‘पेनीरॉयल टी’ तो एकटाच गातो, आणि साथ नसल्यामुळे प्रत्येक श्वास ऐकू येतो. (हीच गिटार 2020 मध्ये सुमारे साठ लाख डॉलरला विकली गेली. श्वासाचा लिलाव होत नाही, म्हणून लाकडाचा झाला, एवढंच म्हणू.)

शेवटचं गाणं लोकगीत आहे. कोबेनने ते लेड बेली या कृष्णवर्णीय गायकाकडून घेतलं. तो माणूस तुरुंगात राहून आलेला. जात्यावरच्या ओवीसारखं मूळ कर्ता नसलेलं गाणं. शेवटच्या कडव्यात कोबेन अख्खा सप्तक वर जातो, आवाज फाटतो, तो तसाच फाटू देतो. आणखी एक गाणं म्हणा अशी निर्मात्यांची विनंती होती. तो नाही म्हणाला.

आता तेच गाणं लावतो. स्पीकर मध्यम ठेवा, आणि मागच्या रांगेतल्यांनी जरा पुढे सरकून बसा.