नथ : शब्दाची व्युत्पत्ती आणि वस्तूचा इतिहास

अलंकारांविषयीच्या मराठी लेखनात व्युत्पत्तीचा आधार फार सढळपणे घेतला जातो. दागिन्याचे नाव घ्यावे, त्याचे मूळ संस्कृत रूप शोधावे आणि त्या रूपाच्या वयावरून दागिन्याचे वय व त्याच्या अर्थावरून दागिन्याचा अर्थ ठरवावा, अशी ही पद्धती आहे. तिची परीक्षा करण्यास 'नथ' हा शब्द विशेष उपयुक्त आहे. कारण या एकाच शब्दावरून परस्परांच्या अगदी विरुद्ध असे दोन निष्कर्ष काढले जातात. एका पक्षाच्या मते 'नथ' हा शब्द संस्कृतोद्भव असल्यामुळे हा अलंकार प्राचीन व भारतीय परंपरेचे लेणे ठरतो. दुसऱ्या पक्षाच्या मते या शब्दाचे मूळ बैलाच्या नाकातील दोरीत असल्यामुळे हा अलंकार स्त्रीच्या दास्याचे चिन्ह ठरतो. पहिला पक्ष गौरवाचा आहे, दुसरा निषेधाचा. परंतु शब्दाचा आरंभ म्हणजेच वस्तूचा आरंभ आणि शब्दाचा मूळ अर्थ म्हणजेच वस्तूचा आजचा अर्थ, हे गृहीत दोन्ही पक्षांना समान आहे. प्रस्तुत विवेचनाचा विषय हे गृहीत आहे.

१. शब्दाची व्युत्पत्ती

प्रथम शब्दाकडे वळणे योग्य होईल. 'नथ' हा शब्द 'नाथ' म्हणजे स्वामी किंवा पती या शब्दावरून आला, सबब नथ हे पतीचे चिन्ह होय, अशी एक व्युत्पत्ती लोकांत रूढ आहे. ती ऐकावयास गोड असली तरी ध्वनिनियमांपुढे टिकत नाही. संस्कृतातील दोन स्वरांमधला 'थ' प्राकृतात 'ह' होतो. 'गाथा' शब्दाचे 'गाहा' आणि 'नाथ' शब्दाचे 'णाह' होते, हे प्राकृताच्या प्रत्येक अभ्यासकास परिचित आहे. 'णाह' या रूपापासून 'नथ' सिद्ध होऊ शकत नाही. 'नासिका' या शब्दापासूनही ते सिद्ध होत नाही, कारण तेथे 'थ' निर्माण होण्यास कोणतेच कारण नाही.

ज्या मूळ रूपापासून 'थ' नियमाने येतो ते रूप म्हणजे 'नस्त' अथवा 'नस्ता', म्हणजे नाकाच्या पडद्यास पाडलेले भोक. 'स्त' या जोडाक्षराचे प्राकृतात 'त्थ' होते. 'मस्तक' पासून 'मत्थअ' व पुढे 'माथा', 'पुस्तिका' पासून 'पोत्थिआ' व पुढे 'पोथी', त्याचप्रमाणे 'नस्ता' पासून 'णत्था'. हेमचंद्राने बाराव्या शतकात आपल्या 'देशीनाममाले'त 'णत्था' हा शब्द नोंदविला आहे व त्याचा अर्थ नाकातील दोरी असा दिला आहे. संस्कृतातही या कुळातील 'नस्तित' आणि 'नस्योत' हे शब्द वेसण घातलेल्या बैलासंबंधीच आहेत. टर्नर यांच्या भारतीय-आर्य भाषांच्या तौलनिक कोशातही (१९६६) नथीचे कूळ हेच आहे. एवढ्यापुरते निषेधपक्षाचे म्हणणे बरोबर आहे : शब्दाचे मूळ गोठ्यातले आहे.

परंतु येथे थांबता येत नाही. मराठीत जोडाक्षराचे द्वित्व सुटते तेव्हा मागील ऱ्हस्व 'अ' दीर्घ होतो. 'हस्त, हत्थ, हात', 'सप्त, सत्त, सात', 'कर्म, कम्म, काम' ही उदाहरणे सर्वश्रुत आहेत. या नियमानुसार 'णत्था' पासून मराठीत 'नाथ' असे दीर्घ रूप यावयास हवे होते. प्रत्यक्षात दागिन्याचे नाव 'नथ' असे ऱ्हस्व आहे. असे ऱ्हस्वत्व ज्या भाषेत नियमाने टिकते ती पंजाबी. तेथे आजही 'हत्थ', 'सत्त', 'कम्म' आणि 'नत्थ' अशीच रूपे आहेत. हिंदीत तर दोन्ही रूपे शेजारी शेजारी नांदतात. बैलाच्या नाकातील दोरी ती 'नाथ' आणि स्त्रीच्या नाकातील दागिना ती 'नथ'. पहिले रूप हिंदीच्या ध्वनिनियमास धरून आहे, दुसरे वायव्येकडून आलेले दिसते. मराठीतही 'सत्य' शब्दाची अशीच दोन रूपे आढळतात. जुन्या मराठीतील 'साच' हे घरचे रूप, 'सच्चा' हे उत्तरेकडून आलेले. यावरून दागिन्याचे नाव मराठीस प्राकृताच्या सरळ वारशाने मिळाले नसून उत्तरेकडील भाषांच्या संपर्काने मिळाले, असे अनुमान करण्यास जागा आहे. अर्थात हे अनुमान शब्दाच्या प्रवासासंबंधी आहे. त्या शब्दाबरोबर दागिनाही त्याच वाटेने आला, असे त्यावरून म्हणता येणार नाही.

२. वस्तूची साक्ष

शब्दाच्या कुळाएवढी वस्तू प्राचीन आहे काय, या प्रश्नाचे उत्तर शब्दाबाहेरच शोधले पाहिजे. या दिशेने महत्त्वाचे काम १९३८ च्या सुमारास झाले. अनंत सदाशिव अळतेकर यांनी प्राचीन हिंदू समाजातील स्त्रियांच्या स्थितीवरील आपल्या ग्रंथात शिल्पांची साक्ष काढून नासाभूषण प्राचीन काळी अज्ञात होते, असे मत मांडले. त्याच सुमारास परशुराम कृष्ण गोडे यांनी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या नियतकालिकात नथीच्या प्राचीनतेवर स्वतंत्र लेख लिहिला आणि ग्रंथांतील उल्लेख कालक्रमाच्या दृष्टीने तपासले. दोघांची साधने भिन्न, एकाची शिल्पे तर दुसऱ्याची पोथ्या. परंतु शब्दाच्या व्युत्पत्तीवर निकाल न सोडता कालनिश्चिती होऊ शकेल असा पुरावा मागावयाचा, हा दोघांचा विशेष आहे, व तो आजही अनुकरणीय आहे.

शिल्पांच्या साक्षीवर एक आक्षेप घेता येईल. जुन्या मूर्तींची नाके बहुधा भंगलेली असतात, आणि नाकातील बारीक कडी दगडात कोरणे अवघडही आहे. म्हणून केवळ शिल्पातील अभावावरून निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. तथापि अजिंठ्याच्या चित्रांना हा आक्षेप लागू पडत नाही. तेथे मोत्यांचे सर, कर्णभूषणे, वाक्या व मेखला अत्यंत बारकाईने रंगविल्या आहेत, नाके मात्र मोकळी आहेत. कोशांची साक्षही याच बाजूची आहे. अमरकोशात मस्तकापासून पायापर्यंतच्या अलंकारांची नावे आहेत : चूडामणी, कुंडल, ग्रैवेयक, केयूर, अंगुलीयक, मेखला, नूपुर. नाकाच्या अलंकारास त्यात स्थान नाही. सुश्रुताने कान टोचण्याचा विधी सविस्तर सांगितला, आणि कर्णवेध हा संस्कारांत गणला गेला. नाक टोचण्यास तशी प्रतिष्ठा लाभली नाही. चित्र, कोश आणि संस्कार या परस्परांहून स्वतंत्र असलेल्या तीन साक्षी एकच गोष्ट सांगतात, तेव्हा त्या मौनाला पुराव्याचे मोल येते. 'णत्था' हा शब्द होता, परंतु तो दोरीचे नाव होता. गौरवपक्ष जी प्राचीनता दागिन्यास देऊ पाहतो, ती वस्तुतः बैलाच्या दोरीची प्राचीनता आहे.

उलटपक्षी पश्चिम आशियात नासाभूषणाची परंपरा निःसंशय जुनी आहे. बायबलच्या जुन्या करारातील 'उत्पत्ती' या ग्रंथाच्या चोविसाव्या अध्यायात रिबेकेला अर्धा शेकेल वजनाची सोन्याची नथ दिल्याचा उल्लेख आहे. मात्र तिचे हिब्रू नाव 'नेझेम' नाकातल्या व कानातल्या अशा दोन्ही कड्यांना लागत असे. भारतात बुलाक हे नाकाच्या पडद्यातून लोंबणारे भूषण प्रचारात आहे, व त्याचे नाव तुर्की आहे. तेव्हा नाकात दागिना घालण्याची रीत पश्चिमेकडून आली असणे शक्य आहे. पण 'बुलाक' शब्द तुर्की म्हणून ती रीत तुर्कांची आणि 'नथ' शब्द भारतीय म्हणून ती रीत भारतीय, अशी वाटणी करणे मात्र सयुक्तिक नाही.

३. शब्द आणि वस्तू यांच्या वेगळ्या वाटा

ही वाटणी का फसवी ठरते, हे समजण्यास तीन उदाहरणे पुरेशी आहेत. पहिले स्वयंपाकघरातले. 'मिरची' हा शब्द संस्कृत 'मरिच' शब्दाच्या कुळातला आहे, परंतु मिरचीचे रोप अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या व्यापारामार्गे सोळाव्या शतकात भारतात आले. काळ्या मिऱ्यांचे नाव नव्या तिखटास मिळाले, एवढेच. येथे शब्द जुना, वस्तू नवी.

दुसरे उदाहरण 'बाजूबंद'. हे नाव फार्सी आहे, परंतु दंडावर अलंकार घालण्याची रीत त्या नावाबरोबर आलेली नाही. केयूर व अंगद ही नावे संस्कृत वाङ्मयात सर्वत्र आहेत, आणि दंडावरील भूषणे प्राचीन शिल्पांत जागोजाग दिसतात. येथे वस्तू जुनी, शब्द नवा.

तिसरे उदाहरण 'पुतळ्यांची माळ'. मराठी कानाला यापेक्षा घरगुती नाव सापडणार नाही. परंतु 'पुतळी' हे मूळचे व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्याचे मराठी नाव आहे. हे नाणे तेथे १२८४ मध्ये प्रथम पाडले गेले. त्याचे वजन सुमारे साडेतीन ग्रॅम असून त्याच्या एका बाजूस संत मार्क व त्यांच्यासमोर गुडघे टेकलेला व्हेनिसचा प्रमुख अशा दोन आकृती असत. त्या आकृतींवरून येथील लोकांनी त्या नाण्यास पुतळी म्हटले. शुद्ध सोने म्हणून त्याचा विश्वास मोठा असल्याने ते गळ्यात ओवले गेले. व्हेनिसचे प्रजासत्ताक १७९७ मध्ये लयास गेले. माळ मात्र राहिली, आणि सोनारांनी स्वतः पाडलेल्या चकत्यांवर लक्ष्मीही येऊन बसली. केवळ शब्दावर विसंबणारा अभ्यासक या माळेत बाहुली पाहील, व्हेनिसचे नाणे त्याच्या दृष्टीस पडणार नाही.

४. अर्थाचा प्रश्न

आता निषेधपक्षाच्या युक्तिवादाचा विचार करणे प्राप्त आहे, कारण त्यामागील कळकळ खरी आहे. स्त्रीच्या नाकातील कडी व बैलाच्या नाकातील दोरी यांना एका कुळातील नाव मिळावे, ही गोष्ट कोणाही विचारी माणसास अस्वस्थ करील. अरबीतही 'खिझाम' हा शब्द स्त्रीच्या नथीस लागतो व त्याच धातूपासून उंटाच्या नाकातील कडीचे नाव होते. दोन निरनिराळ्या भाषाकुळांत हेच साम्य आढळावे यावरून मात्र एवढेच दिसते की, नाक टोचण्याची क्रिया एक असल्यामुळे नाव एका वस्तूवरून दुसरीवर सहज सरकले. बोलणाऱ्याच्या मनात दास्याची कल्पना होती की नव्हती, हे त्या साम्यावरून कळत नाही. त्यासाठी भाषेचा प्रत्यक्ष व्यवहार पाहिला पाहिजे.

मराठीचा व्यवहार या बाबतीत बोलका आहे. ताब्यात ठेवण्याचा अर्थ मराठी 'वेसण घालणे' या प्रयोगाने व्यक्त करते. त्या अर्थाने 'नथ घालणे' असे कोणी म्हणत नाही. नथीचा वाक्प्रचार निराळा आहे. 'दुसऱ्याच्या नथीतून तीर मारणे' म्हणजे आपण आड राहून दुसऱ्याकरवी हेतू साधणे. 'नाकापेक्षा मोती जड' या म्हणीतही तक्रार आहे ती आश्रिताने डोईजड होण्याची. हिंदीत 'नाथ' व 'नथ' ही रूपे जवळ असल्याने जुने नाते कानास जाणवू शकते. मराठीत वेसणीचे नाव वेगळ्या मुळाचे असल्याने ते नाते बोलणाऱ्याच्या जाणिवेतून पुसले गेले आहे. मुले जगत नसलेल्या घरी नव्या मुलाचे नाक टोचून त्यास 'नथू' म्हणण्याची चाल होती. मुलगी समजून दैवाने त्यास सोडून द्यावे, ही त्यामागील समजूत. तेथे नथीचा अर्थ 'मुलगी' एवढाच आहे.

याचा अर्थ नथीच्या इतिहासात अन्याय नाही असा नव्हे. पतीच्या निधनाबरोबर स्त्रीच्या नाकातील नथ उतरविण्याची रूढी महाराष्ट्राने पिढ्यान्पिढ्या पाळली. ज्या क्षणी एखादे भूषण स्त्रीच्या इच्छेवर न राहता पतीच्या आयुष्यावर अवलंबून राहते, त्या क्षणी ते भूषण सामाजिक सत्तेचे चिन्ह बनते. ही टीका रास्त आहे. परंतु तिचा आधार रूढी हा आहे, व्युत्पत्ती नव्हे. मंगळसूत्राचे नाव संपूर्ण मंगल असूनही ते याच रूढीच्या कक्षेत होते. नाव निर्दोष म्हणून रूढी निर्दोष ठरत नाही, तसेच नावाचे मूळ गोठ्यातले म्हणून दागिना दोषी ठरत नाही. रूढीवरील आरोप व्युत्पत्तीच्या आधाराने मांडल्यास तो दुर्बळच होतो, कारण व्युत्पत्ती बदलली की आरोपही कोसळतो.

५. घडणीची साक्ष

शब्दनिष्ठ अभ्यासात सर्वांत अधिक उपेक्षा होते ती घडणीची. उत्तरेकडील नथ म्हणजे बहुधा मोठे वर्तुळाकार वळे. त्यात थोडे मोती किंवा खडे, आणि भार तोलण्यासाठी केसांत अडकविलेली साखळी किंवा मोत्यांचा सर. महाराष्ट्रातील नथीची रचना याहून भिन्न आहे. येथे वळे गौण झाले आणि मोत्यांचा घोस प्रधान झाला. सोनार सोन्याची बारीक तार ओढतो, विंधलेले मोती तीत ओवून दाट बसवितो, मध्ये तांबडे व हिरवे खडे योजतो, आणि मागे नाकात अडकविण्यापुरता आकडा ठेवतो. घोस नाकपुडीवरून ओठांच्या दिशेने झुकतो, पण वर्तुळ पूर्ण करीत नाही. बसराई म्हणून ओळखले जाणारे मोती इराणच्या आखातातले. तेव्हा या एका दागिन्यात नाव उत्तरेकडून, मोती आखातातून आणि घाट येथील सोनाराच्या हातचा, असा तिहेरी संयोग झालेला आहे. त्याचे कूळ एका शब्दाने कसे सांगता येईल?

आज सणासमारंभात व लग्नकार्यात दिसणाऱ्या अनेक नथी चापाच्या असतात. त्या न टोचलेल्या नाकावर बसतात, आणि ज्यांना एरवी नथ घालावयाची नसते अशा स्त्रियाही त्या हौसेने घालतात. 'नस्ता' म्हणजे भोक. त्या शब्दापासून आलेले नाव आता भोकाची गरज नसलेल्या वस्तूस लागले आहे. मूळ अर्थाचा शेवटचा धागाही येथे तुटला, तरी शब्दास किंवा दागिन्यास काही बाध आलेला नाही.

अलंकारांच्या अभ्यासात व्युत्पत्तीस तिचे योग्य स्थान द्यावयाचे तर तिच्याकडून शब्दाचे कूळ व त्याची वाट एवढेच विचारावे. वस्तूचा काळ चित्र, शिल्प व कालनिश्चित ग्रंथ यांना विचारावा, अर्थ रूढीला व चालू भाषेला विचारावा, आणि घाट सोनाराला व पटवेकऱ्याला विचारावा. मराठीत ठुशी, वज्रटीक, चिंचपेटी, बुगडी, गोठ, पाटल्या, तोडे, जोडवी अशा नावांची संपत्ती मोठी आहे. ती गोळा करताना प्रत्येक नावासमवेत वस्तूचे रेखाचित्र, तिच्या भागांची कारागिराच्या तोंडची नावे आणि ती कोणी, केव्हा घालावयाची याची नोंद एकत्र झाली नाही, तर पुढील अभ्यासकाच्या हाती नुसते शब्द राहतील आणि नथीच्या बाबतीत झालेली गफलत प्रत्येक दागिन्याच्या बाबतीत पुन्हा होईल.