तकरीज आणि मुलाहिजा

कविसंमेलन संपल्यावर चहाच्या टेबलाशी एक प्रश्न हमखास ऐकू येतो, "कशी वाटली कविता?" विचारणाऱ्याच्या कपातला चहा निवत असतो आणि उत्तर देणाऱ्याची नजर बशीतल्या बिस्किटांवर असते. उत्तर ठरलेले, "छान! चांगली होती." या उत्तरात काही नाही हे दोघांनाही ठाऊक असते. तरी एकाने विचारायचे आणि दुसऱ्याने सांगायचे, असा आपला रिवाज आहे. मराठीत याला भीडमुर्वत म्हणतात. त्यातली मुर्वत अरबी-फारसीतून आली. मूळ शब्द मुरव्वत, म्हणजे माणुसकी, दिलदारपणा. मराठीत येता येता तो नुसत्या संकोचापुरता उरला. मुलाहिजाची गोष्ट याहून मजेची. मूळ अर्थ नीट निरखून पाहणे. आपण मुलाहिजा ठेवतो तेव्हा मात्र पाहिलेले न पाहिल्यासारखे करतो.

सभ्यपणा की खरेपणा, हा वाद निघाला की गालिब आणि सर सय्यद अहमदखान यांच्यातला प्रसंग सांगितला जातो. बहुधा तो गालिबच्या स्पष्टवक्तेपणाचा विजय म्हणून सांगतात. मला ते पटत नाही.

प्रसंग 1855 च्या सुमाराचा. सर सय्यद यांनी अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'ची आवृत्ती मोठ्या कष्टाने सिद्ध केली होती. हस्तलिखिते ताडून पाहिली, अवघड शब्द उलगडले, चित्रे काढवून घेतली. त्या काळी ग्रंथाला नामवंतांच्या तकरीजी जोडण्याची प्रथा होती. तकरीज म्हणजे ग्रंथाची आणि ग्रंथकाराची प्रशंसा. आपल्या प्रस्तावनेची थोरली बहीणच म्हणा. गालिब वीस वर्षांनी वडील, घरोब्याचे. 1847 च्या 'आसार-उस-सनादीद'मध्ये दिल्लीच्या मान्यवरांचे वर्णन करताना सर सय्यद यांनी त्यांचा मोठा गौरव केला होता. तेव्हा हक्काने तकरीज मागितली, आणि गालिबने फारसी पद्यात ती लिहूनही दिली. तिचा आशय असा : मेलेल्या काळाची एवढी जोपासना कशासाठी? डोळे उघडा, या इंग्रजांकडे पाहा. त्यांनी वाफेवर जहाजे चालवली, तारेतून शब्द पाखरासारखे उडवले, तेलावाचून दिवे लावले. यांच्या आईनापुढे जुन्या आईनाला कोण विचारतो? दिखाऊ स्तुती करणे आपला स्वभाव नाही, हेही त्यांनी त्यातच सांगून टाकले.

सर सय्यद यांनी ती छापली नाही. दोघांत अबोला आला.

आता पुढचा भाग. या एका फटक्याने सर सय्यद यांचे डोळे उघडले आणि त्यातून अलीगढ उभे राहिले, असे भाषणांत ऐकायला मिळते. तारखा तसे सांगत नाहीत. 1862 मध्ये त्यांनी बरनीची 'तारीख-ए-फिरोजशाही' संपादित केली, 1864 मध्ये जहांगीरची 'तुझुक'. त्याच 1864 मध्ये गाझीपूरला सायंटिफिक सोसायटी काढली. अलीगढची शाळा 1875 ची. म्हणजे या माणसाने जुने पुस्तक खाली ठेवले नाही आणि नवे हाती घ्यायलाही तो कचरला नाही. त्याला हलवले ते 1857 ने. तकरिजीला इतके श्रेय देणे म्हणजे स्पष्ट बोलणाऱ्यांनी आपलीच पाठ थोपटून घेणे होय.

शिवाय गालिबचा खरेपणा सगळ्या दारांत सारखा नव्हता. त्यांनी बहादूरशाहसाठी कसीदे लिहिले, व्हिक्टोरिया राणीसाठी लिहिले, इंग्रज अधिकाऱ्यांसाठी लिहिले. पेन्शनचा दावा घेऊन ते 1828 मध्ये थेट कलकत्त्याला गेले होते. सत्तेपुढे अदब आणि धाकट्या स्नेह्यापुढे खडे बोल, हे आपणही रोज करतो. ऑफिसात साहेबाच्या कवितेला दाद देणारा माणूस घरी आल्यावर बायकोच्या आमटीबद्दल अत्यंत प्रामाणिक असतो.

समीक्षक म्हणून माझी तक्रार आणखी वेगळी आहे. तकरिजीचा सगळा भर 'हा विषयच कशाला' यावर आहे. पाठ कसा ताडला, संपादन कसे उतरले, हे प्रश्न बाजूलाच राहतात. म्हणजे पुस्तकाचा मुलाहिजा, मूळ अर्थाने, झालाच नाही. मुलाहिजा झाला तो माणसाचा. तुझी ताकद मोठी आहे, ती इथे खर्च करू नकोस, असे एक वडीलधारा सांगत होता. एवढ्यापुरता मी गालिबच्या बाजूचा आहे. आपल्या "छान"मध्ये ना पुस्तक पाहिलेले असते ना माणूस.

गालिबला गुळमुळीत तकरीजही लिहिता येई. मौलाना हाली 'यादगार-ए-गालिब'मध्ये (1897) सांगतात, की ते बहुतेक मजकूर प्रास्ताविकात घालवत आणि ग्रंथाबद्दल चार वाक्ये लिहून मोकळे होत. शिष्य तफ्ताने अपुऱ्या स्तुतीची तक्रार केली, तेव्हा भाटासारखी बडबड आपल्याला जमत नाही, असे उत्तर मिळाले. (याच हालींच्या 'हयात-ए-जावेद' या सर सय्यद-चरित्राला पुढे शिबलींनी स्तुतिपाठ ठरवले. या घरात कोणीच सुटलेले नाही.)

समेट कसा झाला, ते मला तकरिजीपेक्षा मोलाचे वाटते. 1860 मध्ये रामपूरहून परतताना गालिब मुरादाबादच्या सराईत उतरले. सर सय्यद तिथे सदर-उस-सुदूर होते. कळताच ते गेले आणि पाहुण्यांना घरी घेऊन आले. गालिबने हातातली मद्याची बाटली येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशा जागी ठेवली. यजमानांनी ती हळूच उचलून कोठीत ठेवली. बाटली जागेवर नाही हे पाहून गालिब घाबरे झाले. यजमानांनी कोठीत नेऊन ती दाखवली. गालिबने ती हातात घेऊन न्याहाळली आणि म्हणाले, यातली थोडी कमी झालेली दिसते, खरे सांगा, कोणी प्याली? वर उपदेशकांच्या एकांतातल्या वर्तनावरचा हाफिजचा शेर ऐकवला. सर सय्यद हसले आणि अबोला संपला.

इथे माफी कोणी मागितली नाही, शब्द कोणी मागे घेतला नाही. तकरिजीचे तर नावही निघाले नाही. सर सय्यद यांनी बाटली फेकली नाही, झाकली. गालिबने झाकणे पाहिले आणि ते तोंडावर बोलून दाखवले. दोघेही आपापल्या जागी राहिले आणि एका छपराखाली जेवले.

हे लिहिण्याचा अधिकार मला किती, ते सांगून टाकतो. तेरा वर्षांपूर्वी कोकणातल्या एका तरुणाने पहिल्या कथासंग्रहाला प्रस्तावना मागितली. त्याच्या चार कथांत बाई शेवटी मरत होती, कारण तिचे पुढे काय करायचे ते लेखकाला सुचले नव्हते. मला ते दिसले होते. मी चार पाने लिहिली, 'आश्वासक', 'अस्सल मातीचा गंध' वगैरे. गेल्या वर्षी एका निकाहाच्या दावतीत तो भेटला. दुसरा संग्रह काढला नव्हता. म्हणाला, "सर, तुमची प्रस्तावना मला पाठ आहे. त्यात माझ्या एकाही कथेचं नाव नाही."

मी हातातली प्लेट खाली ठेवली आणि त्याला त्या चार बायकांबद्दल सांगितले. तो ऐकत राहिला. मग खुर्ची जवळ ओढून म्हणाला, "तिसऱ्या कथेतली रुकय्या मेली नसती, तर कुठं गेली असती, सर?"