आर्लमधला फॉकलंड रोड

फ्रान्समधल्या आर्ल गावात १९७०पासून उन्हाळ्यात छायाचित्रांचा महोत्सव भरतो. ल्युसियाँ क्लेर्ग, मिशेल तुर्निए आणि जाँ-मॉरिस रुकेत यांनी तो सुरू केला. जुनी चर्च, मठाच्या ओवऱ्या, बंद पडलेले रेल्वे कारखाने, जिथे भिंत मिळेल तिथे फोटो लागतात. गाव रोमनकालीन, त्यामुळे वास्तूचे वजन प्रत्येक छायाचित्रावर पडते. याचे कौतुक पुष्कळ झाले आहे. मला ते सरसकट पटत नाही.

२०२४ साली ‘एस्पास व्हॅन गॉग’मध्ये अमेरिकन छायाचित्रकार मेरी एलन मार्क यांचे प्रदर्शन पाहिले. हे पूर्वीचे इस्पितळ. कान कापून घेतल्यावर डिसेंबर १८८८मध्ये व्हॅन गॉगला इथेच आणले होते. ओरेगॉनच्या मनोरुग्णालयातल्या स्त्रियांची ‘वॉर्ड ८१’ ही मालिका इथे चपखल बसते, जरा जास्तच.

मी गेलो होतो ‘फॉकलंड रोड’साठी. १९६८मध्ये मार्क मुंबईच्या या रस्त्यावर प्रथम गेल्या, तेव्हा बायकांनी त्यांच्या अंगावर कचरा आणि पाणी फेकले. १९७८मध्ये त्या परत आल्या, ओळखी केल्या, आणि १९८१मध्ये रंगीत छायाचित्रांचे पुस्तक निघाले. ज्या फोटोंत बाई कॅमेऱ्याकडे रोखून पाहते, तिथे हा दहा वर्षांचा नेट फळाला आला आहे. पण निळ्या-हिरव्या भिंती इतक्या देखण्या होतात की खोलीतला कोंदटपणा विसरायला होतो. शिवाय परवानगीचा प्रश्न उरतोच. काहीजणी तर अल्पवयीन होत्या. तेव्हा दिलेला होकार आर्लच्या भिंतीपर्यंत पुरतो का?

आज हा रस्ता पठ्ठे बापूराव मार्ग आहे. शाहिराचे नाव, पिला हाऊसची नाटकगृहे, शेजारचा गोलपिठा: हे फोटोतून कळत नाही, बघणाऱ्याने सोबत न्यावे लागते. ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२चा, म्हणजे मार्क यांच्या कामाआधीचा. तिथे वस्ती स्वतःच्या तोंडाने बोलते.

व्हॅन गॉगने याच इस्पितळातला आपला वॉर्ड स्वतः रंगवला, पत्रांतून आपले दुखणे स्वतः सांगितले. फॉकलंड रोडच्या बायकांच्या हाती कॅमेरा नव्हता. त्या इमारतीत हा फरक बुजतो. रुग्णाविषयीची तयार करुणा त्यांच्याही वाट्याला येते, आणि त्या काही रुग्ण नव्हत्या. ही मालिका रेल्वे कारखान्याच्या उघड्या भिंतींवर लावायला हवी होती.