आगबोट: शोभेची आणि चालती

समुद्र ज्यांच्या दारांत नाहीं त्यांनीं आगबोटीविषयीं लिहावें काय, असा प्रश्न नवापुरांत बसून हा लेख लिहितांना प्रथम आमच्याच मनांत आला. परंतु महाराष्ट्र आणि गुजरात यांची सीमा ज्याच्या फलाटावरून जाते त्या येथील स्थानकावरून एके काळीं वाफेचीं इंजिनें सुरतेकडे व भुसावळकडे जात, आणि त्यांचा धूर आठवणारीं माणसें अद्याप भेटतात. बाष्पयुग या डोंगराळ मुलुखासहि परकें नव्हतें. तें युग आपण कसें जपलें याचें परीक्षण करण्याचा अधिकार म्हणूनच केवळ किनाऱ्यावरच्यांचा नाहीं.

जुनी आगबोट जपणें म्हणजे नेमकें काय? जुनें नाणें पेटींत ठेवलें तरी तें नाणेंच राहतें. आगबोटीचें तसें नाहीं. बॉयलर थंड पडला कीं ती लोखंडाचें घर होते. आग राखणें, दाबाच्या कांट्यावर नजर ठेवणें, फिरत्या दांड्यास वेळीं तेल देणें, ही विद्या ग्रंथांत पुरती उतरत नाहीं. ती हातांतून हातांत जाते. म्हणून जतनाच्या प्रत्येक प्रयत्नास आम्ही दोनच प्रश्न विचारूं: देह राखला काय? आणि विद्या राखली काय?

या कसोटीस उतरणारें उदाहरण स्कॉटलंडांत आहे. सर वॉल्टर स्कॉटच्या कादंबरीचें नांव मिरविणारी 'वेव्हर्ली' ही दोन्ही बाजूंस चाकें असलेली आगबोट १९४७ च्या जूनमध्यें प्रवासी नेऊं लागली. १९७३ सालीं ती सेवेंतून निघाली. पुढील वर्षीं जुन्या आगबोटींच्या चाहत्यांच्या संस्थेस ती अवघ्या एका पौंडास मिळाली, आणि १९७५ पासून पुन्हा चालूं लागली. प्रवाशांस तिचें इंजिन फिरतांना पाहतां येतें. २०१९ सालीं बॉयलर निकामी झाले, तेव्हां द्रव्य जमवून नवे बसविण्यांत आले. यावर कोणी म्हणेल, बॉयलर नवे, मग आगबोट जुनी कशी? आमच्या देवळांचा जीर्णोद्धार होतो. कळस नवा चढतो म्हणून देव नवा होत नाहीं. पूजा अखंड चालली पाहिजे, एवढेंच.

आतां आपल्या किनाऱ्याकडे वळूं. 'वेव्हर्ली' चालूं लागली त्याच्या पुढच्याच महिन्यांत, १७ जुलै १९४७ रोजीं, मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. हर्णै, दाभोळ, रत्नागिरी, मालवण, वेंगुर्लें या बंदरांस मुंबईशीं जोडणाऱ्या आगबोटींनीं कोंकणचा संसार वाहिला; चाकरमान्यांचीं बोचकीं, आंब्यांच्या करंड्या आणि घरच्या चिठ्ठ्या त्यांतूनच गेल्या. त्यांपैकीं एकहि आज चालत नाहीं. अपघात आम्ही स्मरणांत ठेवला. परंतु जो नित्य प्रवास पिढ्यान्‌पिढ्या सुखरूप घडला त्याची खूण मात्र राखली नाहीं. हें आमच्या स्मृतीचें व्यंग आहे.

'विक्रांत'ची कथा याहून बोचरी. १९६१ सालीं भारतीय नौदलांत आलेलें हें विमानवाहू जहाज वाफेवरच चालत असे. १९७१ च्या युद्धाच्या वेळीं त्याच्या चार बॉयलरांपैकीं एकास तडा गेलेला होता. तरीहि बंगालच्या उपसागरांतून त्याच्या विमानांनीं कॉक्स बाझार व चितगांव येथें हल्ले केले. १९९७ सालीं तें निवृत्त झालें आणि २००१ पासून मुंबईंत संग्रहालय म्हणून उभें राहिलें. तेथें विमानें पाहावयास मिळत. बॉयलरांत मात्र पुन्हा वाफ भरली नाहीं. सुरक्षिततेच्या कारणानें २०१२ सालीं तें बंद झालें, २०१४ सालीं सुमारें साठ कोटी रुपयांस विकलें गेलें आणि दारूखान्यांत फोडलें गेलें. त्याच्या धातूचा कांहीं अंश पुढें दुचाकींत मिरवला. युद्धाची कीर्ति अशी सुट्या भागांनीं वांटली जाणें आम्हांस रुचत नाहीं.

येथें न्याय केला पाहिजे. सातशें फुटांचें जहाज खाऱ्या पाण्यांत राखणें म्हणजे पांढरा हत्ती पोसणें होय, आणि गरीब देशाच्या तिजोरीस पोटाचे प्रश्न आधीं आहेत. 'विक्रांत' चालतें ठेवावयास हवें होतें असें आम्ही म्हणत नाहीं. आमचा आक्षेप निराळा आहे. आपण जतनाचा विचार कीर्तीच्या मापानें करतों. म्हणून अवाढव्य वस्तूस हात घालतों, ती झेपत नाहीं, आणि झेपण्याजोगी लहान आगबोट तोंवर भंगारांत गेलेली असते.

शक्ति आपल्यांत नाहीं असें नव्हे. १८५५ सालचें 'फेअरी क्वीन' हें रेल्वेचें इंजिन १९९७ सालीं दिल्लीहून अलवरकडे पुन्हा प्रवासी घेऊन धांवलें. रुळांवर जें साधलें तें पाण्यावर अशक्य कां मानावें? आगबोट हातची गेली असेल, पण बॉयलर राखलेले वृद्ध कारागीर अजून आहेत. त्यांचे हात थांबण्यापूर्वीं एखादें लहान बाष्पयंत्र तरी त्यांच्यासमोर तरुणांकडून चालवून घ्यावें. लोखंड पुन्हा ओततां येतें. विझलेली विद्या पेटवावयास विस्तव कोठून आणणार?