यादी आणि निवाडपत्र : संयुक्त राष्ट्रसंघाच्या एका फेरिस्तीचें परीक्षण

इसराएलनें १९६७ सालीं व्यापलेल्या पॅलेस्टाइनच्या मुलखांत ज्या वसाहती वसविल्या, त्यांच्याशीं संबंध असणाऱ्या व्यापारी कंपन्यांची फेरिस्त संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवाधिकार परिषदेनें मार्च १९१६ नंतर बरोबर शंभर वर्षांनीं, म्हणजे २०१६ सालीं मागविली. ती फेब्रुवारी २०२० मध्यें प्रसिद्ध झाली. २०२३ व २०२५ सालीं तिच्या सुधारलेल्या आवृत्त्या निघाल्या. कोणत्याही दप्तरांतील यादीप्रमाणें हिच्याविषयींही दोन प्रश्न विचारले पाहिजेत: नोंदीची कसोटी कोणती, आणि कागदास अधिकार किती?

कसोटी स्पष्ट आहे. नोंदीस पात्र असे १० प्रकारचे व्यवहार आधींच ठरविलेले असून टेहळणीचीं उपकरणें, पाडकामाचीं यंत्रें, घरबांधणीस कर्ज, जमीन व पाणी यांचा वापर हे त्यांपैकीं होत. कंपन्यांस आपलें म्हणणें मांडण्याची संधीही दिलेली होती. पहिल्या आवृत्तींत ११२ नांवें होतीं. त्यांपैकीं ९४ कंपन्या इसराएलमधील व १८ इतर ६ देशांतील. इसराएल सरकारास मात्र ही फेरिस्त मुळींच मान्य नाहीं.

आंकडे वाचतांना सावधगिरी हवी. जून २०२३ च्या आवृत्तींत १५ नांवें गाळून ९७ राहिलीं; परंतु त्या वेळीं केवळ जुन्याच नांवांची फेरतपासणी झाली होती. व्यवहार घटला, असें अनुमान त्यावरून निघत नाहीं. सप्टेंबर २०२५ मध्यें ६८ नांवें नवीं आलीं, ७ गेलीं, आणि एकूण १५८ झालीं. तपास वाढला कीं व्यापार वाढला, हें नुसत्या बेरजेवरून ठरणारें नव्हे.

अधिकाराविषयीं फेरिस्त स्वतःच सांगते कीं आपण न्यायालयीन निर्णय नाहीं. म्हणजे ही यादी आहे, निवाडपत्र नव्हे. निवाडा सरकारांनीं करावयाचा. आणि तेथेंच टाळाटाळ दिसते. ब्रिटिश सरकारनें २०१३ सालीं व्यापाऱ्यांस धोक्याची सूचना देऊन निर्णय त्यांजवरच सोपविला. युरोपीय संघानें २०१५ सालीं मालावर वसाहतीचें नांव घालण्याविषयीं सूचना काढली, व १२ नोव्हेंबर २०१९ रोजीं संघाच्या न्यायालयानें असें नांव घालणें आवश्यक ठरविलें. परंतु चिठ्ठी लावलेला माल विकण्यास आडकाठी राहिली नाहीं.

१९ जुलै २०२४ रोजीं आंतरराष्ट्रीय न्यायालयानें मत दिलें कीं, त्या मुलखांतील बेकायदेशीर स्थिति टिकविण्यास साह्य करणारे व्यापारी व गुंतवणुकीचे संबंध राष्ट्रांनीं रोखावेत. मत सल्ल्याच्या स्वरूपाचें खरें; तथापि त्यानंतर सारा भार व्यापाऱ्याच्या विवेकावर टाकणें समर्थनीय राहत नाहीं. स्लोव्हेनियानें ऑगस्ट २०२५ मध्यें वसाहतींतील मालाची आयात बंद करण्याचें ठरविलें, हें त्या मतास अनुसरून आहे. फेरिस्त उत्तम साक्षीदार आहे. परंतु साक्षीदाराकडे बोट दाखवून न्यायाधीशानें गप्प बसणें, यास धोरण म्हणतां येत नाहीं.