प्रेक्षणीय शहर, राहते शहर : कोल्हापूरच्या उन्हाळ्याविषयीचे लेखन

मध्यम आकाराच्या शहरांविषयी मराठीत जे लिहिले जाते ते गेली काही वर्षे मी मुद्दाम गोळा करून वाचते आहे. २०११च्या जनगणनेत साडेपाच लाखांच्या आसपास वस्ती असलेले कोल्हापूर या वाचनात सारखे भेटते, आणि सर्वांत जास्त भेटते ते उन्हाळ्यात. पुरवण्यांतून, सहलीच्या पुस्तिकांतून, मासिकांच्या पर्यटन विशेषांकांतून. अंबाबाईचे दर्शन, रंकाळ्यावर संध्याकाळ, दुसऱ्या दिवशी नवा राजवाडा आणि पन्हाळा, जेवायला तांबडा-पांढरा, परतताना चपला आणि गूळ. लेखक बदलतात, क्रम बदलत नाही. रंकाळ्याच्या परिच्छेदात गव्हाएवढा पुढे आणि तांदळाएवढा मागे सरकणारा नंदी हमखास असतो. काठावर रोज फिरायला येणारा माणूस मात्र नसतो.

याला समांतर दुसरा प्रवाह स्मरणरंजनाचा. त्यात माणसे असतात, पण ती सगळी गेलेली असतात. पंचगंगेच्या घाटावर पोहायला शिकलेली मुले, पेठेतली आजी, गंगावेशीत म्हशीची धार थेट पेल्यात घेऊन प्यायलेले दूध. हा मजकूर वाचायला गोड लागतो, आणि मीही तो आवडीने वाचते. पण गंगावेशीचा दूधकट्टा इतिहासजमा झालेला नाही. संध्याकाळी तिथे आजही म्हशी उभ्या असतात. चालू असलेल्या गोष्टीला भूतकाळात ढकलून तिच्याविषयी हळवे होणे, ही या लेखनाची जुनी खोड आहे. पर्यटन लेखनाला शहर दोन दिवसांचे दिसते, स्मरणलेखनाला ते संपलेले दिसते. या दोन्हींच्या मधले, एप्रिल-मे महिन्यांत राहते असलेले शहर कुणाच्याच वाट्याला येत नाही.

उदाहरणादाखल फुटबॉल घ्या. कोल्हापूरच्या उन्हाळ्यातले सर्वांत मोठे आकर्षण कोणते, असे पेठेतल्या कुणालाही विचारले तर शाहू स्टेडियमचे नाव येईल. हिवाळ्यात सुरू झालेला हंगाम स्पर्धांमागून स्पर्धा घेत भर उन्हाळ्यापर्यंत लांबतो. संघांची नावे पाहावीत : पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. जी तालीम कुस्तीसाठी उभी राहिली, तीच गणपती बसवते, शिवजयंतीची मिरवणूक काढते आणि अकरा जणांचा संघही उतरवते. भारतात फुटबॉलची म्हणून जी शहरे ओळखली जातात, तिथे क्लब असतात. इथे आखाड्याच्या लाल मातीतून फुटबॉल उगवला आहे. अलीकडे काही संघांकडून आफ्रिकेतले खेळाडूही खेळतात. तालमीचे नाव छातीवर मिरवणाऱ्या त्या खेळाडूला गॅलरीतून अस्सल कोल्हापुरीत सूचना मिळत असतात, आणि त्या त्याला बहुधा कळतातही. २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच शहरातला.

इतकी भरगच्च सामग्री समोर असताना साहित्यिक गद्यात ती जवळपास नाही. क्रीडापानांवर गोल कुणी केला ते येते, हाणामारी झाली की पहिल्या पानावर बातमी येते. पेठापेठांतली ईर्षा हा खरे तर कादंबरीचा ऐवज आहे. तिच्यात जातीचे, भावकीचे, नगरसेवकपदाच्या उमेदवारीचे धागे गुंतलेले असतात. दुपारी वळीव कोसळतो, मैदानाचा चिखल होतो, सामना होणार की नाही यावर चौकाचौकांत पैजा लागतात. आपले लेखक मात्र मैदानाबाहेरून, भेळेच्या गाडीपाशी थांबून परत फिरतात. (भेळेवर मात्र पानेच्या पाने मिळतात. 'कॉकटेल' म्हणजे इथे फळे, जेली आणि आइस्क्रीम यांचा पेला, हेही प्रत्येक लेखक बाहेरगावच्या वाचकाला नव्या शोधाच्या थाटात सांगतो.)

स्टेडियमच्या गॅलरीत बायका कमी दिसतात, आणि त्याची दखल पेठेच्या अभिमानाने लिहिणाऱ्यांनी घेतलेली नाही. बायकांचा उन्हाळा दुसरीकडे घडत असतो. चैत्रात तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत घरोघर गौर बसते. आंबेडाळ, पन्हे, भिजवलेले हरभरे. ठरावीक दिवशी घराचे दार आळीला उघडे होते. स्मरणलेखनात हे हळदीकुंकू फार सुंदर रंगवलेले असते. त्या दारातून कुणाला बोलावणे नसे, विधवांना आणि दुसऱ्या आळीतल्या बायकांना, हे मात्र त्या रंगांत बुडून जाते. रंकाळ्याचा काठ त्या मानाने जास्त मोकळा. तिथे यायला नाते लागत नाही, आमंत्रण लागत नाही, खिशात पैसेही लागत नाहीत. माझ्या मते तळ्याचे खरे मोल इथे आहे, आणि पुस्तिकांतल्या सूर्यास्ताच्या छायाचित्रात ते मावत नाही. सांडपाण्याने आणि जलपर्णीने या तळ्याची काय दशा केली, हा विषय शहराने वर्षानुवर्षे मोर्चे, याचिका आणि श्रमदानातून मांडला. पर्यटन लेखात तो एका ओळीचाही धनी नाही. तिथे 'सुशोभीकरण' हा शब्द आला की काम भागते. काठ सुशोभित झाला आणि पाण्याला वास आला, तर फिरायला येणारी बाई दोन्ही गोष्टी एकाच वेळी अनुभवते. लेखकाने निदान तिच्याइतके तरी पाहावे.

जोतिबाच्या चैत्र यात्रेचेही तसेच. लेखात सासनकाठ्या, गुलाल आणि 'चांगभलं' यांचे वर्णन डोंगरावर सुरू होते व डोंगरावर संपते. पण चैत्री पौर्णिमेच्या आगेमागे शहरच बदललेले असते : पंचगंगेच्या घाटावर उतरलेली बिऱ्हाडे, वाटेवरची अन्नछत्रे, दुसऱ्या दिवशी रात्री निघणारा अंबाबाईचा रथ. पाहुणा आणि यजमान यांचे हे नाते सहलीच्या भाषेत सांगताच येत नाही, कारण त्या भाषेत पाहुणा म्हणजे गिऱ्हाईक.

हा सगळा ऊहापोह शब्दांच्या आवडीनिवडीचा असता तर मी तो केला नसता. प्रश्न आता विटा-लाकडाचा झाला आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२मध्ये खासबाग मैदान उभारले आणि १९१५मध्ये त्याला खेटून पॅलेस थिएटर. मैदानाची रचना बशीसारखी खोलगट, जेणेकरून शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कुस्तीचा आखाडा दिसावा. थिएटरच्या पाठीला मैदानाकडे तोंड करून खुला रंगमंच. म्हणजे तिकीट काढून नाटक पाहणारा आणि मातीत बसून तमाशा-कुस्ती पाहणारा, दोघे एकाच भिंतीच्या दोन बाजूंना. या वास्तूला पुढे केशवराव भोसले यांचे नाव मिळाले. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ती आगीत भस्मसात झाली. सरकारने पुनर्बांधणी जाहीर केली. शहरातून मागणी आली : जसे होते तसे बांधा.

त्या दिवसांत आलेले लेख मी पुन्हा पुन्हा वाचले. दुःख खरे होते. पण 'जसे होते तसे' म्हणजे कसे, हे सांगताना बहुतेकांची लेखणी दगडी भिंती, लाकडी छत आणि थोर नटांची नावे यांपाशी थांबली. सुट्टीत तिथे होणारी बालनाट्ये, हौशी संस्थांच्या तालमी, स्पर्धेच्या नाटकाला मित्राचे काम पाहायला आलेली कॉलेजची पोरे, यांचे वर्णन तुरळक. ज्या वापराचे वर्णनच कुठे नाही, त्याची मागणी नकाशावर कशी नोंदवणार? वास्तुविशारदाला छायाचित्रांवरून कमान पुन्हा घडवता येते. मैदानाकडच्या मंचापुढे संध्याकाळी कोण बसत असे, भाडे किती परवडत असे, पडदा लावायला कोणत्या पेठेतली पोरे येत, हे त्याला छायाचित्र सांगणार नाही. ते लेखकांनी सांगायचे होते.

६ मे २०२२ रोजी, शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीला, सकाळी दहा वाजता कोल्हापूर शंभर सेकंद जागच्या जागी थांबले. रिक्षा थांबल्या, भाजीवाल्या उभ्या राहिल्या, मे महिन्याच्या उन्हात सिग्नलवरची माणसे गाडीवरून उतरली. दुसऱ्या दिवशीच्या छायाचित्रांत प्रामुख्याने पुतळा होता. त्या उन्हात उभ्या राहिलेल्या भाजीवालीने त्या दिवशी काय विकायला आणले होते, हे लिहिणारा लेख मला अजून सापडायचा आहे.