कोंडलेला प्रकाश आणि विखुरलेला प्रकाश

सूक्ष्म गोलकांतील प्रकाशीय अनुनादांवर अलीकडे प्रसिद्ध होणारे शोधनिबंध ओळीने वाचत गेल्यास एक गोष्ट मनाला सलल्यावाचून राहत नाही. निबंध कोठलाही असो, त्याच्या आरंभीच गुणवत्तांकाचा एक आकडा झळकतो, तो मागील आकड्याहून थोर असल्याची ग्वाही दिली जाते, आणि अखेरच्या परिच्छेदात त्या गोलकापासून निघू शकणाऱ्या उपकरणांची यादी, ती उपकरणे जणू उंबरठ्यावर येऊन ठेपली आहेत अशा थाटात, जोडून दिलेली असते. मात्र त्या आकड्यापासून त्या उपकरणापर्यंत जाण्याची वाट मधल्या मजकुरात शोधूनही सापडत नाही. एका उमद्या शास्त्राची ही वहिवाट पाहून स्वस्थ बसवत नाही, सबब हा लेखनप्रपंच.

या शास्त्राची कुळकथा वाचकांना ठाऊक आहे. तिची उजळणी करीत बसण्याचे प्रयोजन नाही. ध्यानात ठेवावयाचे ते इतकेच की, गुस्टाव्ह मी यांनी १९०८ साली जो प्रश्न हाती घेतला तो प्रकाश कोंडण्याचा मुळीच नव्हता. द्रवात तरंगणाऱ्या सोन्याच्या कणांना त्यांचे रंग कोठून येतात, अंगावर आलेल्या प्रकाशातील किती भाग कण गिळतो आणि किती, कोणत्या दिशेला, विखुरतो, हा त्यांचा प्रश्न होता. कोंडण्याची कल्पना निराळ्या घराण्यातून आली. लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलच्या घुमटाखालील सज्जात भिंतीला धरून फिरणाऱ्या कुजबुजीचे गणित लॉर्ड रॅले यांनी मांडले, त्याच सज्जातील प्रयोगांचा वृत्तांत चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली सहकाऱ्यासह प्रसिद्ध केला, आणि विजापूरचा गोल घुमट पाहिलेल्या मराठी वाचकाला तर तो प्रकार समजावून सांगण्याची गरजच नाही. घुमटाच्या जागी काचेचा गोळा आणि ध्वनीच्या जागी प्रकाश आला की, संपूर्ण आंतरिक परावर्तनामुळे किरण गोळ्याच्या कडेकडेने फेऱ्या घालीत राहतो. बेल प्रयोगशाळेत १९६१ साली गॅरेट, कायझर आणि बाँड यांनी समॅरियम मिसळलेल्या कॅल्शियम फ्लुओराइडच्या गोळ्यातून लेसर साधला तो याच तत्त्वावर.

हा घुमटमार्ग शिखरास नेला तो मॉस्कोच्या पंथाने. ब्रॅगिन्स्की, गोरोडेट्स्की आणि इल्चेन्को यांनी १९८९ साली वितळलेल्या शुद्ध सिलिकेच्या गोळ्यांत हा अनुनाद विलक्षण तीव्रतेने दाखविला, आणि १९९६ साली गोरोडेट्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी ६३३ नॅनोमीटर तरंगलांबीला गुणवत्तांक ८०० कोटींपर्यंत नेला. या आकड्याचा अर्थ असा की, मिलिमीटरभरही व्यास नसलेल्या गोळ्यात शिरलेला प्रकाश विझण्यापूर्वी सुमारे अर्धा किलोमीटर धावतो. ही सिद्धी मी थोरच मानतो. तिच्या कर्त्यांचा प्रामाणिकपणाही तितकाच थोर, कारण हा गुणवत्तांक उघड्या हवेत सुमारे एक मिनिटच टिकतो, हवेतील बाष्पाचा थर गोळ्यावर बसताच तो ढासळतो, हे त्यांनी स्वतःच नमूद करून ठेवले आहे. पुढे येणाऱ्यांनी त्यांचा आकडा मात्र तेवढा उचलला आणि त्यांचे मिनिट मागे सोडले.

यापेक्षाही गंभीर बाब साध्या हिशेबाची आहे. अनुनादाची तरंगलांबी गोळ्याच्या व्यासाच्या प्रमाणात बदलते. तेव्हा दोन गोळे एकाच स्वरात बोलावेत अशी इच्छा असेल, तर त्यांच्या व्यासांतील सापेक्ष फरक एक भागिले गुणवत्तांक याहून कमी असावा लागतो. पाऊण मिलिमीटरचा गोळा आणि ८०० कोटींचा गुणवत्तांक धरला, तर मुभा मिळते ती अणूच्या व्यासाच्या सुमारे हजाराव्या भागाइतकी. इतके सारखे दोन गोळे घडविणे पदार्थाच्या अणुमय रचनेलाच मान्य नाही. प्रत्येक गोळा तापवून अगर ताणून स्वतंत्रपणे जुळवून घ्यावा लागतो. दोन गोळ्यांना हे करता येईल, दहांनाही येईल, परंतु ज्या उपकरणात सहस्रावधी गोलक एकमेकांच्या साहाय्याने प्रकाश वाहून नेणार आहेत त्याचे काय? जोडअनुनादकांच्या रांगेतून प्रकाश संथपणे नेण्याची जी तजवीज यारिव्ह व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये मांडली, तिला नेमका हाच वैषम्याचा अडसर आडवा आला. कोंडण्याची शक्ती जितकी वाढवावी तितका गोळा एकाकी होत जातो, हा या मार्गाचा अंगभूत धर्म आहे.

अन्य प्रवाहांविषयी थोडक्यात सांगितले तरी चालेल. एकच गोळा पुरेसा असतो अशा ठिकाणी, म्हणजे गोळ्यास चिकटलेला प्रथिनांचा थर अगर विषाणू ओळखण्याच्या कामी, घुमटमार्गाचा उपयोग निर्विवाद आहे. कंप्रतांचे प्रकाशकंगवे हे मोठेच यश आहे, परंतु ते कंकणाकृती व मुद्रिकाकृती अनुनादकांच्या खाती जमा होते, गोलकांच्या नव्हे. सोन्याचांदीच्या कणांनी प्रकाश एका बिंदूवर एकवटून दाखविला आणि त्याच दमात त्याची उष्णता करून टाकली. गोलकामागे उमटणाऱ्या प्रकाशझोतांवर आणि गोलकभिंगांतून पन्नास नॅनोमीटरचे तपशील दिसल्याच्या दाव्यांवर लिहिले पुष्कळ गेले. त्यातून उपपत्ती हाती लागली ती अल्प.

ज्या प्रवाहासाठी मी ही लेखणी उचलली तो याहून वेगळा आहे. सिलिकॉनचा शेदीडशे नॅनोमीटरचा गोलक घ्यावा. दृश्य प्रकाशात, साधारण ६०० नॅनोमीटर तरंगलांबीला, सिलिकॉनचा अपवर्तनांक चारच्या जवळपास असतो, म्हणजे गोलकाच्या आत त्या प्रकाशाची तरंगलांबी दीडशे नॅनोमीटरपर्यंत आखडते आणि गोलकाच्या व्यासाशी जुळते. हे जुळले की गोलकातील विद्युत क्षेत्र वर्तुळाकार वळसा घेते, विस्थापन प्रवाहाचे एक कडे तयार होते, आणि ज्या पदार्थात चुंबकत्वाचा लवलेश नाही तो प्रकाशाच्या कंप्रतेला चुंबकीय द्विध्रुवाप्रमाणे स्पंदू लागतो. मी यांच्या श्रेणीत हे पद १९०८ पासून लिहिलेले होते. दृश्य प्रकाशात ते प्रत्यक्ष पाहण्याचा योग २०१२ साली आला, जेव्हा कुझ्नेत्सोव्ह आणि एव्ह्ल्युखिन यांच्या दोन गटांनी लेसरच्या आघाताने उडविलेले सिलिकॉनचे गोलक सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून तपासले. काळ्या पार्श्वभूमीवर प्रत्येक गोलक आपल्या व्यासाप्रमाणे निळा, हिरवा, पिवळा वा तांबडा उजळलेला होता, आणि तो रंग विखुरलेल्या प्रकाशाचा होता.

या दर्शनाचे खरे मोल मिल्टन कर्कर यांच्या एका सिद्धान्तात आहे. ज्या गोलकाचा विद्युत व चुंबकीय प्रतिसाद समसमान असेल तो आल्या दिशेने प्रकाशाचा अंशही परत धाडणार नाही, असे त्यांनी सहकाऱ्यांसह १९८३ साली सिद्ध केले. कारण मागील बाजूस दोन्ही द्विध्रुवांचे तरंग एकमेकांना खोडून काढतात आणि पुढील बाजूस ते एकमेकांना बळ देतात. प्रकाशाच्या कंप्रतेला असा चुंबकीय प्रतिसाद देणारा पदार्थच उपलब्ध नसल्याने तो सिद्धान्त दप्तरात पडून राहिला. सिलिकॉनच्या गोलकाने त्याला देह दिला, आणि २०१३ मध्ये सिंगापूरच्या संशोधकांनी दृश्य प्रकाश एकट्या गोलकाकडून पुढच्या दिशेने विखुरला जात असल्याचे मोजून दाखविले. आरसा नाही, भिंग नाही, तरंगलांबीच्या चतुर्थांशाएवढा एक कण आहे, आणि तो प्रकाशाला दिशा देतो! या अनुनादाचा गुणवत्तांक जेमतेम दहाच्या घरात भरतो. ज्यांना आकड्यांचीच मातबरी वाटते त्यांना तो दरिद्री भासेल. परंतु त्याच अल्पतेमुळे व्यासातील चारपाच नॅनोमीटरची चूक गोलकास सहज पचते, शेजारचा गोलक त्याच्याशी सहकार्य करू शकतो आणि बाष्पाच्या एका थराने त्याचा कारभार कोसळत नाही. २०१४ साली हॅनोव्हरच्या गटाने वितळलेल्या सिलिकॉनचे थेंब लेसरच्या स्पंदाने काचेवर इच्छित स्थळी उमटविले. पृष्ठताणाने ते थेंब स्वतःच गोल झाले. उपकरणाची वाट म्हणतात ती ही.

यावर आक्षेप येतो तो असा की, गोलकाचे विद्युत व चुंबकीय अनुनाद भिन्न तरंगलांबींना पडतात, चपट्या चकतीत उंची व व्यास यांचे गुणोत्तर साधून ते एकत्र आणता येतात, तेव्हा गोलकाचे दिवस संपले. यातील वस्तुस्थिती मला मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. चकती ही प्रकीर्णनाच्याच विचारातून जन्मली. तिचा विजय हा त्या विचाराचाच विजय होय. शिवाय गोलकाचे एक स्थान कोणतीही चकती घेऊ शकत नाही: त्याचे गणित नेमके, निःशेष सुटलेले आहे. व्यास व अपवर्तनांक सांगा, आणि प्रत्येक दिशेला, प्रत्येक रंगात किती प्रकाश जाईल हे मी यांची श्रेणी सांगते. प्रयोग व सिद्धान्त यांत तफावत पडली तर पळवाटेला जागा उरत नाही. अशी कसोटी टाकून देणारे शास्त्र आपल्याच चुका ओळखण्याची शक्ती गमावून बसते.

खेदाची गोष्ट ही की, या प्रवाहातही आता जुनाच मोह शिरू पाहत आहे. प्रकीर्णन दाबून, अनुनाद एकमेकांत विलीन करून, लहानशा कणाचाही गुणवत्तांक शेकड्यांनी वाढवावा अशी चढाओढ लागली आहे, आणि जो कण प्रकाश मोकळा सोडण्यात अद्वितीय होता त्यालाही कोठडी बनविण्याचे भूषण मानले जात आहे. यास माझा स्पष्ट विरोध आहे. उपकरण म्हणजे प्रकाशाचा व्यवहार. त्यात आवक आणि जावक दोन्ही आहेत. बाहेर कसा, किती आणि कोणीकडे पडतो याचा हिशेब न देता आत किती काळ राहिला एवढेच सांगणारा निबंध अर्धा जमाखर्च दाखवून संपूर्ण ताळेबंदाचा मान मागत असतो, आणि तो मान त्याला मिळता कामा नये.

म्हणून संपादकांकडे व परीक्षकांकडे माझे मागणे आहे की, यापुढे या विषयावरील प्रत्येक निबंधाकडून तीन दाखले मागावेत: सर्वोत्तम गोलकाऐवजी बनविलेल्या सर्व गोलकांची मोजमापे व त्यांतील तफावत; प्रकीर्णनाचा सर्व दिशांतील आलेख; आणि साध्या दमट हवेत तो अनुनाद किती मुदत टिकला याची नोंद. जो निबंध हे तीन दाखले देईल त्याचा गुणवत्तांक दहा असला तरी तो छापावा, आणि जो देणार नाही त्याचा आकडा हजार कोटींचा असला तरी तो परत पाठवावा.